काट्याचा सर्व्हर भरला! लिनक्स सांभाळायला किमान कुठल्या कमांड यायला हव्यात?

काटेकर_ईडीपी

नमस्कार मंडळी. एवढी वर्षं वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

मी एका साखर कारखान्यात आहे. मूळचा शेतकी विभागाचा, नोंदी आणि तोडणीचे कार्यक्रम लावणारा. ईडीपीचे, म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे, साहेब दिवाळीनंतर निवृत्त झाले आणि 'तुला कॉम्प्युटरचं जमतं' म्हणून खुर्ची माझ्या गळ्यात पडली. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर उबुंटू सर्व्हरवर चालतं. ते लिहून देणारी एजन्सी फोन उचलते तेव्हा उचलते.

काल संध्याकाळी काट्यावर पावती निघायची थांबली. ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर, ड्रायव्हर केबिनवर चढायच्या बेतात. एजन्सीचा पोरगा रिमोटने आला, म्हणाला डिस्क फुल झालीय, मोठी लॉग (नोंदींची) फाइल उडवली, थोडं इकडचं तिकडचं साफ केलं, आता चालेल. चाललंय खरं, पण आज सकाळी बघतो तर 'डीएफ -एच' असं दाखवतंय:

साइझ ४९जी, यूज्ड ४७जी, अव्हेल २१०एम, यूज १००%

आणि 'सुडो डीयू -एसएच /' केलं तर एकूण १९जी! मग बाकीचे २८ गेले कुठे? पोरगा म्हणतो फाइल उडवली, आणि ती खरंच दिसत नाहीये.

दुसरं म्हणजे, रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला अर्धा-पाऊण तास सगळं मंद होतं. ही जुनी तक्रार आहे. याच्याशी संबंध आहे का ते कळत नाही.

तिसरं, भाच्याने दीडशे कमांडची यादी पाठवलीय. त्यातलं खरं लागतं काय?

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टंकताना सगळं लहान लिपीत, जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगा.)

---

बाबूराव_रीबूट

रीबूट मारा. २८ जीबी परत येतील. पैज!

---

जुना_खिळा

बाबूराव, पैज जिंकाल, पण सल्ला चुकीचा आहे. गाळप चालू असताना, जो सर्व्हर शेवटचा कधी रीबूट झाला हे कुणाला ठाऊक नाही, तो रीबूट मारायचा नसतो. काटेकर, आधी 'अपटाइम' टाकून बघा. तिथे दोनशे-तीनशे दिवस दिसले तर समजा, की एवढ्या काळात कुणी '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) काय बदललं, कुठली सेवा हाताने सुरू केली, यातलं काहीही तपासलं गेलेलं नाही. एफएसटॅबमधली एक चुकीची ओळ आणि मशीन वर येतंय ते इमर्जन्सी मोडमध्ये. तेव्हा काट्यावर पावती नाही, रिमोटही नाही, कीबोर्ड-मॉनिटर घेऊन पळा.

आता तुमचे २८ जीबी. युनिक्समध्ये (लिनक्स त्याच घराण्यातलं) 'आरएम' फाइल पुसत नाही, फाइलचं नाव काढते. डेटा मोकळा कधी होतो? त्या फाइलकडे बोट दाखवणारं एकही नाव उरलं नाही आणि एकाही प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडी धरलेली नाही, तेव्हा. काट्याच्या सॉफ्टवेअरने लॉग उघडा धरलाय. पोराने नाव काढलं, सॉफ्टवेअर अजून त्याच बेवारस फाइलमध्ये लिहितंय. डीयू नावांवरून चालत जाते, म्हणून तिला दिसत नाही. डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारते, म्हणून तिला दिसतं. दोघींच्या आकड्यांत अंतर पडलं की पहिला संशय हाच.

हे टाका:

सुडो एलएसओएफ +एल१ (एल मोठा)

ज्या उघड्या फाइलींना एकही नाव उरलेलं नाही त्याच दिसतील. शेवटी कंसात 'डिलीटेड' असेल. पीआयडी (प्रोसेसचा नंबर), एफडी (तिने उघडलेल्या फाइलचा नंबर) आणि साइझ हे तीन रकाने इथे डकवा. अजून काही उडवू नका.

---

रश्मी_के

खिळेकाकांशी सहमत. थोडी भर.

४९ मधून ४७ गेले तर २ उरायला हवेत, मग २१० एमबीच कसे? ईएक्सटी४ फाइलसिस्टिम बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता, सुडोने मिळतात ते त्याचेच अधिकार) राखून ठेवली जाते. तुमच्याकडे ती साधारण अडीच जीबी. साध्या वापरकर्त्याच्या प्रोसेसला ती मिळत नाही आणि अव्हेलच्या रकान्यातही ती धरत नाहीत. पोराने 'इकडचं तिकडचं' साफ केलं त्यातून हे २१० एमबी आले. म्हणजे दादा, तुमच्या हातात फार वेळ नाहीये.

एलएसओएफमध्ये काही नाही सापडलं तर आणखी दोन जागा बघा. एक, 'डीएफ -आय'. आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपले की जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट' येतं. लाखो चिल्लर फाइली टाकणारी सॉफ्टवेअरं हे करतात. दोन, माउंटखाली दडलेला डेटा. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला की तो रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच पडतो. नंतर डिस्क जोडली की तो झाकला जातो आणि डीयूला दिसत नाही. बघायचं तर 'माउंट --बाइंड / /एमएनटी' करून '/एमएनटी' खाली शोधायचं.

---

काटेकर_ईडीपी

सापडलं! ताई, काका, साष्टांग नमस्कार.

पीआयडी २२१४, एफडी ७डब्ल्यू, साइझ २८ आणि पुढे बरेच आकडे, शेवटी 'काटा.लॉग (डिलीटेड)'. अपटाइम ४१२ दिवस.

आता सेवा रीस्टार्ट केली तर सुटेल ना? पण काटा दोन मिनिटंही बंद ठेवायची सोय नाही. पाळी बदलायला अजून वेळ आहे.

---

रश्मी_के

रीस्टार्ट न करताही होतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसच्या उघड्या फाइली '/प्रॉक' खाली दाखवतो, नाव गेलेलं असलं तरी. तीच फाइल तिथून शून्य करायची:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/२२१४/एफडी/७

हिच्याऐवजी बरेच जण 'सुडो > फाइल' असं करायला जातात आणि 'परमिशन डिनाइड' खातात. कारण तो बाण सुडोचा नसतो, तुमच्याच शेलचा (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमचा) असतो, आणि शेल साध्या वापरकर्त्याचं.

टाकण्याआधी 'एलएस -एल /प्रॉक/२२१४/एफडी/७' करून ती खरंच काटा.लॉगकडेच बोट दाखवतेय याची खात्री करा. ७ च्या जागी ८ पडला आणि ८ वर डेटाबेसची फाइल निघाली तर पावत्यांचं काय होईल ते मी लिहीत नाही.

---

काटेकर_ईडीपी

केलं. यूज्ड ४७जी वरून १९जी. काटा थांबला नाही, केबिनमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

---

चमचाभर_साखर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

सिन्नरकर

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). आमच्याकडे हाच प्रकार झाला होता, आम्ही नवीन डिस्क विकत घेतली.

---

बाबूराव_रीबूट

हरलो नाही, पण जिंकल्यासारखंही वाटत नाहीये.

---

जुना_खिळा

आता तिसरा प्रश्न, यादीचा. भाच्याला सांगा, दीडशे कमांड पाठ करणारा माणूस चौथ्या दिवशी विसरतो. माझं मत, आणि ते कुणाला पटो न पटो: नव्या माणसाने पहिला हंगाम फक्त बघायच्या कमांड वापराव्यात. बदल करणाऱ्या कमांड मुळात थोड्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक टाकण्याआधी दोन-तीन बघायच्या कमांड टाकायची सवय लागली की निम्मे घोळ होतच नाहीत. आत्ताच बघा. तुमचं काम एका ट्रंकेटने झालं. त्याआधी डीएफ, डीयू, अपटाइम, एलएसओएफ, एलएस, पाच वेळा नुसतं बघितलंत.

मशीनवर बसलात की आधी 'होस्टनेम' आणि 'हूअ‍ॅमआय'. हसू नका, याच्यावर पुढे बोलू. मग 'डब्ल्यू', कोण आत आहे, एजन्सीचा माणूस अजून बसलाय का. 'लास्ट' टाकलं की आधी कोण येऊन गेलं तेही कळतं.

मेमरीला 'फ्री -एच'. इथे नवखा माणूस 'फ्री'चा रकाना बघून घाबरतो. तो बघायचा नाही, 'अव्हेलेबल'चा बघायचा. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशेला वापरतो आणि लागेल तेव्हा परत देतो. मेमरी खरंच संपली तर कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतो. त्याची नोंद 'डीमेसेज'मध्ये सापडते, 'आउट ऑफ मेमरी' (पहिला ओ मोठा) असं ग्रेप करा, म्हणजे शोधा.

सेवा 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ने बघा, तिचा लॉग 'जर्नलसीटीएल -यू' पुढे सेवेचं नाव. जर्नलला वेळ सांगता येते, '--सिन्स' देऊन. आणि '-बी -१' म्हटलं की मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाचा लॉग, तो जतन केलेला असेल तर. मशीन आपोआप रीबूट झालं तर पहिलं तेच. नेटवर्कला 'आयपी ए' आणि 'एसएस -टीयूएलपीएन', कुठल्या पोर्टवर कोण कान देऊन बसलंय. नेटस्टॅट सांगणारे जुने धागे सोडून द्या, नव्या मशीनवर ती बऱ्याचदा नसतेच.

एवढ्यावर तुमचा हंगाम निघेल. बाकी ज्याला जी गरज पडेल ती.

---

रश्मी_के

काका, बव्हंशी सहमत, पण 'बघायच्या कमांडने काही बिघडत नाही' असा समज नको व्हायला. भरलेल्या डिस्कवर २० जीबीचा लॉग व्हीआयएममध्ये उघडा, ती स्वॅप फाइल करायला जाते आणि उरलेली जागाही खाते. लॉग 'लेस' किंवा 'टेल' ने बघायचा. तसंच ऐन गर्दीत '/' पासून फाइंड किंवा डीयू सोडली तर डिस्क तिच्या मागे पळते आणि काटा रांगेत उभा राहतो. डीयूला '-एक्स' द्या म्हणजे ती दुसऱ्या जोडलेल्या डिस्कांत शिरत नाही. मी वापरते ती:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार | सॉर्ट -एच

सर्वांत जड फोल्डर तळाशी येतं. मग त्याच्या आत, मग त्याच्या आत.

---

जुना_खिळा

मान्य. ती उभी रेघ, म्हणजे पाइप, आली म्हणून थोडं अवांतर. युनिक्स बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, पण पाइप त्यात पहिल्या दिवसापासून नव्हता. डग मॅकइलरॉयने १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेच्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. नऊ वर्षं तो मागे लागला होता, १९७३ मध्ये थॉम्पसनने ते केलं. काटेकर, तुम्हाला ठिबकची जोडणी ठाऊक आहे, तेव्हा पाइप समजावून सांगायची गरज नाही.

---

मांडवीकाठ

पणजीहून नमस्कार. तुम्ही सगळे लिनक्सच म्हणजे युनिक्स धरून चाललाय, म्हणून एक वेगळा सूर. मी फ्रीबीएसडी (युनिक्सचीच दुसरी शाखा) सांभाळतो. तिथे सिस्टिमसीटीएल नाही, 'सर्व्हिस' आहे. सेवा बूटला चालू ठेवायची तर 'सिसआरसी' ने '/ईटीसी/आरसी.कॉन्फ' मध्ये ओळ घालायची. वापरकर्ता घालायला 'पीडब्ल्यू'. आणि '/प्रॉक' तिथे एरवी जोडलेलं नसतं, तेव्हा रश्मीताईंची युक्ती तिथे जशीच्या तशी चालणार नाही, सेवाच रीस्टार्ट करावी लागेल.

मॅकवाल्यांनाही हे लागू. 'सेड -आय' मॅकवर आणि लिनक्सवर सारखी वागत नाही. मॅकवर -आय नंतर बॅकअपचं शेपूट द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामे अवतरण.

पण सर्वांत भारी 'किलऑल'. लिनक्सवर ती नाव दिलेल्या प्रोसेस मारते. जुन्या सोलॅरिसवर (तेही एक युनिक्स) तीच कमांड खरोखर सगळ्या मारते, मशीन बंद करतानाच्या कामासाठी ती होती. लिनक्सची सवय घेऊन सोलॅरिसवर बसलेल्या माणसाने एक लटकलेला ब्राउझर मारायला जावं आणि अख्खं मशीन झोपावं, हे त्या काळी बऱ्याच जणांनी पाहिलंय. अनोळखी मशीनवर आधी 'मॅन'.

---

परीक्षार्थी_नगर

मी आरएचसीएसएची (रेड हॅटची लिनक्स परीक्षा) तयारी करतोय. या धाग्यातलं किती परीक्षेला येतं? क्लासवाले रोज पन्नास कमांड लिहून काढायला लावतात.

---

जुना_खिळा

लिहून कशाला काढता? ती परीक्षा मशीनवर बसून द्यायची असते, पर्याय निवडायचे नसतात. ३०० पैकी २१० लागतात. इंटरनेट नाही, पण मॅनची पानं हाताशी असतात. तेव्हा 'मॅन -के' शिका, विषयावरून कमांड शोधते. आणि केलेली प्रत्येक गोष्ट रीबूटनंतर टिकली पाहिजे. सेवा 'स्टार्ट' केली पण 'एनेबल' केली नाही, गुण गेले. एफएसटॅबमध्ये ओळ घातली की रीबूटच्या आधी 'माउंट -ए', चूक असेल तर तिथेच ओरडेल.

आणि 'यूजरमॉड -एजी' (जी मोठा) मधला लहान ए विसरू नका. तो गळला तर माणूस नव्या गटात जातो आणि इतर सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो. त्यात सुडोचा गट असला की मग कळतं.

---

काटेकर_ईडीपी

आज सकाळी साडेआठला तयारीत बसलो होतो. 'टॉप'मधलं डकवतो:

लोड अ‍ॅव्हरेज ११.२, ९.८, ५.१
सीपीयू: यूएस ४, एसवाय ३, आयडी ३६, डब्ल्यूए ५७

कोअर चार आहेत. लोड अकरा आणि तरी सीपीयू छत्तीस टक्के रिकामा, हे कसं?

---

रश्मी_के

डब्ल्यूए ५७ हेच उत्तर, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस असतातच, शिवाय डिस्कसाठी अडकून पडलेल्याही मोजल्या जातात. पीएसमध्ये त्यांची अवस्था 'डी' दिसते. डी मधल्या प्रोसेसला सहसा किल -९ सुद्धा लागू पडत नाही, ती डिस्कचं उत्तर आल्याशिवाय हलतच नाही. उद्या त्याच वेळेला:

पीएस -ईओ स्टॅट,पीआयडी,सीएमडी | ग्रेप '^डी'

(डी मोठा.) कोण डिस्क धरून बसलंय ते दिसेल. आणि आत्ता, उद्याची वाट न बघता, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) बघा. 'क्रॉनटॅब -एल' फक्त तुमचा दाखवेल, 'सुडो क्रॉनटॅब -एल' रूटचा. शिवाय '/ईटीसी/क्रॉन.डी' आणि 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स'. चारही जागा.

---

काटेकर_ईडीपी

रूटच्या क्रॉनटॅबमध्ये एकच ओळ आहे:

० ३ * * * /ऑप्ट/काटा/बॅकअप.एसएच

पण ही तर पहाटे तीनची आहे. साहेबांनी मुद्दाम रात्रपाळीत गर्दी कमी म्हणून ठेवली होती, मला आठवतंय.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. हे वाचताना खुर्चीतून उठलो! 'टाइमडेटसीटीएल' टाका. टाइम झोनपुढे यूटीसी (ग्रीनिचची जागतिक वेळ) असेल.

पहाटे ३ यूटीसी म्हणजे भारतात सकाळी साडेआठ.

---

काटेकर_ईडीपी

यूटीसी!!!

म्हणजे साहेबांना वाटत होतं बॅकअप पहाटे तीनला होतोय आणि तो रोज सकाळच्या रांगेच्या डोक्यावर बसत होता. आणि आम्ही नेटवर्कवाल्याला बोलावून दोनदा स्विच बदलला.

आता झोन बदलू का?

---

एडिसनकर

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन आशिया/कोलकाता (ए आणि के मोठे). आणि त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करायचा, तो चालू होतानाच झोन वाचून ठेवतो. नाहीतर घड्याळ भारतीय आणि क्रॉन अजून ग्रीनिचचा.

तुमचं नशीब की तिथे घड्याळ मागेपुढे होत नाही. आमच्याकडे मार्चमध्ये एका रविवारी रात्री २ ते ३ हा तासच नसतो आणि नोव्हेंबरमध्ये १ ते २ हा दोनदा येतो. त्या वेळेत कामं ठेवणारा माणूस वर्षातून दोनदा गोंधळतो. म्हणून आम्ही सर्व्हर मुद्दाम यूटीसीवर ठेवतो.

---

रश्मी_के

थांबा दादा, झोनला आत्ता हात लावू नका.

पावतीवर वेळ कुठून येते? काट्याच्या केबिनमधल्या पीसीवरून की सर्व्हरवरून? सॉफ्टवेअर सर्व्हरची वेळ घेऊन स्वतः साडेपाच तास मिळवत असेल (मी असलं पाहिलंय), तर झोन बदलल्याक्षणी पावत्यांवर साडेपाच तास पुढची वेळ पडेल. उसाची आवक, ड्युटी, रांगेचा क्रम, सगळ्याचा विचका. झोन हंगाम संपल्यावर, एजन्सीला समोर बसवून.

आज फक्त क्रॉनची ओळ बदला:

३० २१ * * * /ऑप्ट/काटा/बॅकअप.एसएच

रात्री साडेनऊ यूटीसी, म्हणजे आपल्याकडे पहाटे तीन.

---

जुना_खिळा

रश्मी, हे एक नंबर बोललीस.

काटेकर, 'सुडो क्रॉनटॅब -ई' करण्याआधी 'सुडो क्रॉनटॅब -एल > क्रॉन.जुना' करून ठेवा. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत आणि '-आर' न विचारता अख्खा क्रॉनटॅब पुसते.

अजून दोन गोष्टी. बॅकअपच्या फाइलला तारीख लावली असेल तर ती आता आदल्या दिवशीची पडेल, कारण यूटीसीत अजून कालच असतो. घाबरू नका. आणि पुढेमागे तारखेची कमांड थेट क्रॉनच्या ओळीत लिहिलीत तर टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी. क्रॉन नुसत्या टक्क्याला नवी ओळ समजतो. हाताने चालणारी कमांड क्रॉनमध्ये चालत नाही, याची दोन कारणं हमखास: हा टक्का, आणि क्रॉनचा तोकडा पाथ. पूर्ण पत्ता लिहा.

---

काटेकर_ईडीपी

बदलली. एक विचारायचं राहिलं. '/ऑप्ट/काटा' मध्ये 'एलएस -एल' केलं तर सगळ्यापुढे आरडब्ल्यूएक्सआरडब्ल्यूएक्सआरडब्ल्यूएक्स. एजन्सीवाला म्हणतो ७७७ दिलं की परमिशनची कटकट राहत नाही.

---

मांडवीकाठ

सगळ्यांनाच सगळं करता येतं, मग कटकट कसली राहणार!

---

रश्मी_के

म्हणजे या मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता बॅकअप.एसएच बदलू शकतो. आणि ती रूट म्हणून रोज चालते. बाकी राहू दे, ती एक फाइल आजच बंद करा: 'सुडो सीएचओन रूट:रूट' आणि 'सुडो सीएचमॉड ७५५' तिच्यावर. आणि वरचं फोल्डरही, कारण फोल्डरमध्ये लिहायची मुभा असली की फाइल बदलता नाही आली तरी काढून तिच्या जागी दुसरी ठेवता येते.

पूर्ण फोल्डरवर '-आर' (आर मोठा) लावून एकदम ७५५ करू नका. कुठली फाइल कुणाला लिहायला लागते हे कळल्याशिवाय काटा बंद पडेल. 'नेमआय -एल' पुढे पूर्ण पत्ता द्या, रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी ओळीने दाखवते. बहुतेक वेळा घोळ फाइलवर नसतोच, वरच्या एखाद्या फोल्डरला एक्स नसतो आणि लोक वैतागून ७७७ मारतात.

हा उपाय घरच्या फोल्डरवर करणाऱ्यांसाठी: एसएसएच त्यानंतर किल्ली घेऊन आत सोडत नाही. घर किंवा '.एसएसएच' दुसऱ्यांना लिहिता येत असेल तर ती किल्लीवर विश्वासच ठेवत नाही. '.एसएसएच' ७००, आतली ऑथराइज्ड_कीज ६००.

---

परीक्षार्थी_नगर

खिळेकाका, होस्टनेमबद्दल पुढे बोलू म्हणाला होतात.

---

जुना_खिळा

हो. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब. सगळं त्यांनीच जाहीर लिहून ठेवलंय, म्हणून नाव घेतो. दोन डेटाबेस सर्व्हर, एक मुख्य, एक प्रत. प्रत मागे पडली होती, ती नव्याने भरायची म्हणून तिचं डेटाचं फोल्डर उडवायचं होतं. इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत खपत होता, आणि आरएम -आरएफ टाकली ती मुख्य सर्व्हरच्या खिडकीत. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवली, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते.

पुढचं ऐका, ते जास्त महत्त्वाचं. पीजी_डंपचे (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) बॅकअप शोधायला गेले तर नव्हतेच. पोस्टग्रेसच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या म्हणून ते अपयशी ठरत होते, आणि अपयशाचे मेल पलीकडून नाकारले जात होते. कुणाला पत्ताच नाही. नशिबाने सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर गाडी रुळावर आली. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलं.

म्हणून होस्टनेम. आमच्याकडे खऱ्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल असतो, चाचणीचा हिरवा. आणि स्क्रिप्टमध्ये आरएम -आरएफ पुढे चल (व्हेरिएबल) असेल तर तो रिकामा निघाला तर काय, हे आधी बघतात. महिरपी कंसात चलाच्या नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह घातलं की चल रिकामा असल्यास शेल तिथेच थांबतं.

काटेकर, तुमचा बॅकअप कधी उघडून बघितलाय?

---

काटेकर_ईडीपी

नाही. साहेबांनीही नसावा.

आत्ता 'टार -टीझेडएफ' ने यादी बघितली. डेटाबेसचं फोल्डर आहे आत. पण काटा चालू असतानाच ते फोल्डर जसंच्या तसं टार करतोय असं दिसतं.

---

रश्मी_के

मग तो बॅकअप धरूच नका. डेटाबेस लिहीत असताना फाइली उचलल्या की अर्धी जुनी आणि अर्धी नवी पानं येतात. उभा राहील किंवा राहणार नाही. पोस्टग्रेस असेल तर पीजी_डंप, मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएलडंप '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' लावून (टेबलं इनोडीबी असतील तरच ते कामाला येतं). आणि दुसऱ्या कुठल्याही पीसीवर तो डंप चढवून कालच्या पावत्या मोजून बघा. एजन्सीला हे लेखी मागा.

---

काटेकर_ईडीपी

लेखी पत्र कार्यकारी संचालकांच्या सहीने आज गेलं. डंप पीसीवर चढवला, कालच्या तिन्ही पाळ्यांच्या पावत्या जुळल्या. सकाळी साडेआठला लोड ०.६. केबिनमधून विचारणा झाली की आज काय वेगळं केलंत.

आता शेवटचं. काटा.लॉग परत वाढतोय, रोज दीड जीबीच्या आसपास. लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणारा प्रोग्रॅम) लावायचं म्हणतोय. तिथेही तेच होणार का, नाव बदललं आणि सॉफ्टवेअर जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहिलं?

---

रश्मी_के

बरोबर ओळखलंत. लॉगरोटेट एरवी फाइलचं नाव बदलतो आणि सॉफ्टवेअरला नवी उघडायला सांगतो. तुमचं सॉफ्टवेअर ऐकणारं दिसत नाही, तेव्हा 'कॉपीट्रंकेट' लावा: आधी प्रत काढतो, मग मूळ फाइल जागेवरच शून्य करतो. प्रत निघताना तेवढी जागा मोकळी हवी, आणि प्रत व शून्य यांच्यामधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात. काट्याच्या लॉगला चालेल.

'/ईटीसी/लॉगरोटेट.डी/काटा' मध्ये डेली, रोटेट ७, कॉम्प्रेस, कॉपीट्रंकेट, मिसिंगओके. मग 'सुडो लॉगरोटेट -डी' पुढे त्या फाइलचा पत्ता. ती नुसतं काय करणार ते सांगते, करत काही नाही. ठीक वाटलं तर '-एफ' ने एकदा खरं चालवा आणि 'एलएस -एल' ने बघा. मूळ लॉगचा आकार शून्य न दिसता आधीइतकाच दिसला आणि डीयू मात्र थोडेच केबी म्हणाली, तर सॉफ्टवेअर फाइलच्या शेवटी न जोडता आपल्या जुन्या जागेवरूनच लिहितंय. मधे पोकळी आहे, डिस्क भरत नाहीये. पण कॉपीट्रंकेट रोज ती पोकळीही वाचत बसेल, तेव्हा त्या परिस्थितीत पाळी बदलताना एक रीस्टार्ट ठेवलेला बरा.

त्या फाइलचा 'एलएस -एलएस' (दुसरा एस लहानच) इथे डकवा, पहिल्या रकान्यात खरे ब्लॉक दिसतील, मग सांगते.